मुलं ऑनलाइन संदर्भ शोधतात कसे? (प्रकल्प, शोधनिबंध आणि मराठीतलं साहित्य)

वाचनकट्टा

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांनाही क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्प करावे लागतात. त्यामुळे पूर्वी एम.ए. आणि पीएच.डी.पुरती असलेली संदर्भांची शोधाशोध आता सगळ्यांच्याच वाट्याला आली आहे. मुलं माझ्या टेबलासमोर बसून मोबाइलवर शोधतात, म्हणून ती कशी शोधतात ते मला रोज दिसतं. त्यावर इथे सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात होतं.

एक उदाहरण घेते. एका मुलीचा विषय होता '१९७२चा दुष्काळ आणि आमचं गाव'. तिने गूगलवर टाकलं, '१९७२ चा दुष्काळ माहिती मराठी पीडीएफ'. सगळ्यात वर एआयने तयार केलेला सारांश आला, खाली दोन व्हिडिओ, त्याखाली तीन संकेतस्थळं. तिन्ही संकेतस्थळांवर तोच परिच्छेद, स्वल्पविरामासकट. मूळ कुणी लिहिलं, आकडे कुठून घेतले, याचा पत्ता नाही. तिने तो परिच्छेद वहीत उतरवून घेतला आणि म्हणाली, "मॅडम, माहिती मिळाली, पण सगळीकडे एवढीच आहे."

हे "एवढीच आहे" मला फार खटकतं. कारण १९७०–७३च्या त्या दुष्काळावर जेवढं लिहिलं गेलंय तेवढं महाराष्ट्रातल्या फार थोड्या घटनांवर लिहिलं गेलं असेल. मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाने यावर सविस्तर लिहिलंय. व्ही. सुब्रमण्यम यांचं 'पार्च्ड अर्थ' हे अख्खं पुस्तक या दुष्काळावर १९७५ साली आलं. यातलं काहीही त्या मुलीच्या पडद्यावर आलं नाही, कारण तिने प्रकल्पाचं शीर्षकच शोधखिडकीत टाकलं होतं.

स्टाफरूममध्ये सरसकट म्हटलं जातं की मुलं आळशी झालीत. मला हे अजिबात पटत नाही. मुलं तासन् तास शोधतात. पण एकाच शब्दाने शोधतात, आणि ज्याने मूळ लिहिलंय त्याने तो शब्द वापरलेलाच नसतो. याच विषयात बघा. गावातली माणसं 'दुष्काळ' म्हणतात, आणि त्याहून जास्त 'खडी फोडायला गेलो', 'सुकडी' (कामावर मिळणारा कोरडा खाऊ), 'मिलो' (परदेशातून आलेली ज्वारी), 'पाझर तलावाचं काम' असं बोलतात. सरकारी कागदात मात्र 'टंचाई' असतं. कारण १९६३ साली विधिमंडळाने कायदाच करून राज्याच्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द वगळला आणि त्याजागी 'स्कॅर्सिटी' आणला. म्हणजे ७२ सालचे शासकीय अहवाल 'दुष्काळ' किंवा 'फॅमिन' टाकून शोधले तर नेमके हवे तेच सुटणार! आणि संशोधक इंग्रजीत 'महाराष्ट्र ड्रॉट १९७०–७३' लिहितात, रोजगार हमी योजनेचा उल्लेख 'ईजीएस' (एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम) या आद्याक्षरांनी करतात.

त्यामुळे आता मी मुलांना मोबाइल बाजूला ठेवून आधी कागदावर शब्द लिहायला लावते. आजी काय म्हणते, तलाठी काय लिहील, प्राध्यापक इंग्रजीत काय म्हणतील. या कामाला दहा मिनिटं लागतात, आणि पुढचा शोध पूर्ण बदलतो.

इथे विद्यार्थी, शिक्षक, ग्रंथपाल, तांत्रिक क्षेत्रातले लोक सगळे आहेत. तुमचे अनुभव आणि पद्धती लिहा. विशेषतः मराठीत शोधताना काय अडतं ते हवंय.

माणदेशी_पोर

ताई, मी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बाजूने थोडं सांगतो.

वर्गातल्या बहुतेकांकडे लॅपटॉप नाही, सगळं मोबाइलवर. मोबाइलवर पाचपन्नास पानांची पीडीएफ उघडून वाचणं जिवावर येतं, म्हणून मुलं व्हिडिओ बघतात. नोट्स टेलिग्रामच्या ग्रुपवर मिळतात. त्या कुणाच्या, कुठल्या सालच्या, कुणी विचारत नाही, कारण सीनियरने पाठवलेल्या असतात आणि तो पास झालेला असतो. गूगल स्कॉलर (संशोधनलेख शोधायची गूगलची सोय) हे नाव मी पदवीच्या तिन्ही वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. कुणी शिकवलं नाही आणि अभ्यासक्रमातही नव्हतं.

आणि शोधगंगा. सर म्हणतात "शोधगंगेवर बघ". तिथे मराठी विषय टाकला की एक तर काहीच येत नाही किंवा भलतंच येतं. मराठीतले प्रबंध तिथे आहेत हे माहीत आहे, पण सापडत नाहीत. ते कसं करायचं कुणी सांगाल का?

वाचनकट्टा

@माणदेशी_पोर, अगदी योग्य प्रश्न. शोधगंगा म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेलं प्रबंधांचं भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमानुसार विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रबंध तिथे जमा करायचे असतात, त्यामुळे साठा प्रचंड आहे. अडचण नोंदींची आहे. मराठी प्रबंधाचं शीर्षक कुणी देवनागरीत भरतं, कुणी रोमन लिपीत, कुणी इंग्रजीत भाषांतर करून. म्हणून शीर्षकाच्या मागे न लागता विद्यापीठ निवडा, मग विभाग निवडा आणि यादी वाचत खाली या. वेळ लागतो, पण हाती काहीतरी पडतंच.

दुसरी गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. शोधगंगेवर प्रबंध एकसंध नसतो, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते, आणि संदर्भसूचीची बहुतेक वेळा स्वतंत्र फाइल असते. आधी ती उघडा. एखाद्या माणसाने चारपाच वर्षं घालवून तुमच्या विषयावरची पुस्तकं, अहवाल, लेख एका यादीत लावून ठेवलेत. ती दहा पानं मोबाइलवरही आरामात वाचता येतात. प्रबंध स्वतः सुमार असला तरी त्याची सूची कामाची असू शकते.

गूगल स्कॉलरवर याच्या उलट दिशेने जाता येतं. एक चांगला लेख सापडला की त्याच्या खाली 'साइटेड बाय' असा दुवा असतो. त्यावर टिचकी मारली की त्या लेखाचा आधार घेऊन नंतर कुणी कुणी लिहिलं ते दिसतं. सूचीतून मागे जायचं, या दुव्यावरून पुढे यायचं. एका बऱ्या लेखावरून महिन्याभराचं वाचन उभं राहतं.

टंकयंत्र

शोधगंगेवरचे मराठी प्रबंध का सापडत नाहीत याचं एक कारण फाइलच्या पोटात आहे. मी अनेक वर्षं डीटीपीचं काम केलंय, म्हणून थोडं खोलात सांगतो.

युनिकोड (अक्षरांसाठी सगळ्या संगणकांवर सारखे असलेले संकेतांक) रुळण्याआधी, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये टाइप व्हायचे. या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. पीडीएफमधून मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, तुम्हाला रोमन अक्षरांची रांग दिसेल. शोधयंत्रही तेच वाचतं. त्याच्या दृष्टीने त्या ३०० पानांत 'दुष्काळ' हा शब्द एकदाही आलेला नाही. जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग असेल तर तो नुसता फोटो असतो. त्यावर ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) झालं नसेल, किंवा इंग्रजीचं ओसीआर चालवलं असेल, तर तिथेही तेच.

युनिकोडमध्येसुद्धा एक फट आहे. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचा' यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलंत जोडतात. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखेच. पण पीडीएफमध्ये 'शेतकऱ्यांचा' शोधलंत आणि फाइल दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेली असेल, तर शून्य निकाल. उपाय सोपा आहे. असं अक्षर असलेला शब्द अर्धवटच शोधा. नुसतं 'शेतक' टाका, दोन्ही प्रकार सापडतील.

'ॲ'चंही तसंच. 'ॲक्ट' आणि 'अ‍ॅक्ट' दोन्ही टाकून बघा.

निवृत्तमास्तर

टंकयंत्र यांनी चांगली माहिती दिली. त्यात जुन्या लेखनाची भर घालतो. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले. त्याआधीच्या छापील मजकुरात अनुस्वारांची रेलचेल आहे. 'नाहीं', 'कांहीं', 'घरें', 'त्यांत'. आजच्या लेखनाने शोधलंत तर १९३०च्या मासिकातलं काही मिळणार नाही. जुना मजकूर शोधायचा तर जुन्या लेखनानेच शोधायला हवं.

एक मतभेदही नोंदवतो. या धाग्यात ऑनलाइन शोधावर एवढा भर आहे की जणू सगळंच तिथे आलंय. जिल्ह्याच्या वृत्तपत्रांचे ७२–७३चे अंक कुठे आहेत? तालुक्याच्या वाचनालयाच्या माळ्यावर, कसर लागलेल्या बांधीव फायलींत. बाजार समितीची दफ्तरं, ग्रामपंचायतीची ठरावबुकं यातलं काहीही इंटरनेटवर नाही. मुलांनी आधी तिथे जायला हवं. आणि त्या मुलीच्या गावात त्या वर्षी खडी फोडलेली माणसं आज सत्तरीपुढची आहेत. त्यांच्याशी बोलायला उशीर करू नये.

वाचनकट्टा

सर, माणसांशी आधी बोलावं हे शंभर टक्के मान्य. तिला मी तेच सांगितलं. पण "आधी वाचनालयात जा" याच्याशी पूर्ण सहमत नाही. कुठल्या महिन्याचा अंक हवा हे ठाऊक नसेल तर मूल त्या फायलींसमोर हरवून जातं. ऑनलाइन शोधातून तारखा कळतात, गावांची आणि कामांची नावं कळतात, मग बांधीव फाइल मागताना नेमका महिना सांगता येतो. माझ्या मते दोन्ही एकमेकांना धरून चालायला हवं.

दूरदेशी

सध्या अमेरिकेत पीएच.डी. करतोय, मूळचा कोल्हापूरचा. इथल्या एका अभ्यासाची आठवण झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी १० इतिहासाचे पीएच.डी.धारक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ पदवी विद्यार्थी घेतले आणि त्यांना काही संकेतस्थळं दाखवून विचारलं, विश्वासार्ह कोणतं?

त्यात एक जोडी होती. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची जुनी, हजारो सदस्यांची मुख्य संघटना. दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पेडिअ‍ॅट्रिशियन्स, २००२ साली तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. नावं जवळपास सारखी, संकेतस्थळं दोन्ही नीटनेटकी. विद्यार्थीच काय, इतिहासकारही पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, बोधचिन्ह, तळटीपा, पत्त्याच्या शेवटचं 'डॉट ओआरजी' यावर भरवसा ठेवत गेले आणि बरेच जण फसले. तथ्यतपासनीस मात्र ते पान जेमतेम बघून बाहेर पडले. नवी टॅब उघडली, संस्थेचं नाव टाकलं, तिच्याबद्दल इतर लोक काय म्हणतात ते वाचलं, आणि काही मिनिटांत निकाल लावला.

मला यातली महत्त्वाची बाब अशी वाटते की फसलेले लोक हुशार होते आणि लक्षपूर्वक वाचत होते. पान चांगलं आहे की नाही हे त्या पानालाच विचारून कळत नाही. आपल्याकडे 'अमुक संशोधन केंद्र', 'तमुक इंटरनॅशनल जर्नल' अशी नावं बघून मुलं संदर्भ घेतात. त्यांनी एवढं केलं तरी पुरे आहे. पान वाचण्याआधी नवी टॅब उघडा आणि हे चालवतं कोण ते बघा.

आणखी एक. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पूर्ण शोधता येतो. जुन्या गॅझेटियरमधला (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातला) किंवा दप्तरातला शब्द अडला की तिथे बघतो.

संदर्भासहित

एआयबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. पदव्युत्तर वर्गाला शिकवते.

आता मुलं शोधतच नाहीत, चॅटबॉटला विचारतात. विषय समजून घ्यायला ते मला वावगं वाटत नाही. शब्द सुचवायला तर उत्तमच. वाचनकट्टा म्हणतात ती शब्दांची यादी करायला चॅटबॉटची खरोखर मदत होते. घोटाळा संदर्भ मागितल्यावर होतो. गेल्या सत्रात एका प्रकल्पाची सूची तपासत होते. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, खंड-अंक-पानं सगळं व्यवस्थित. फक्त तो लेख अस्तित्वातच नव्हता. त्या अंकाची अनुक्रमणिका काढली तर त्या पानांवर दुसराच लेख. विद्यार्थ्याने खोटेपणा केला नव्हता, त्याचा यंत्रावर विश्वास होता. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे कोर्टात सादर केले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. ते तर व्यवसायातले लोक होते.

माझा वर्गातला नियम असा. जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही, तो सूचीत येणार नाही. तपासणं अवघड नाही. लेखाचं शीर्षक दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा. खऱ्या लेखाची कुठे ना कुठे नोंद असते. काहीच आलं नाही तर त्या नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका बघा. तिथेही नसेल तर सोडून द्या.

मराठी विषयांत हा धोका जास्त आहे, कारण मराठीतलं बरंचसं साहित्य या यंत्रांपर्यंत पोचलेलंच नाही. कारण टंकयंत्र यांनी वर सांगितलंच आहे. ज्यावर मजकूर नाही, त्यावरही यंत्र आत्मविश्वासाने बोलतं.

मांडवीकाठ

गोव्याच्या मुलांची अडचण थोडी निराळी. आमच्याकडे १९६१पूर्वीचं शासकीय साहित्य पोर्तुगीजमध्ये. पणजी शोधायची तर 'पांजिम', 'पांगिम' आणि १८४३नंतरच्या कागदांत 'नोव्हा गोवा'. गोव्यातल्या साष्टी तालुक्यासाठी 'साल्सेट'. साल्सेट टाकलं की मुंबईजवळचीही साष्टी येते, ती वेगळी काढावी लागते. त्यासाठी शोधताना नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावतात, उदाहरणार्थ मुंबई या शब्दाआधी. एवढी साधी युक्तीही बहुतेकांना माहीत नसते.

माणदेशी_पोर

सगळ्यांचे आभार. टंकयंत्र काकांची 'शेतक'ची युक्ती आत्ताच करून पाहिली, चालली. मास्तरांचं ऐकून आजोबांशीही बोललो, ते पाझर तलावाच्या कामावर होते.

माझाही विषय दुष्काळाशी संबंधित आहे, माण तालुक्यातल्या सिंचनाचा. गावाची ७०च्या दशकातली आकडेवारी हवी आहे. ऑनलाइन मिळेल का? आणि चांगला लेख दिसतो पण पैसे मागतो, त्याचं काय करायचं?

वाचनकट्टा

गावाची आकडेवारी मिळेल. १९७१च्या जनगणनेची जिल्हावार पुस्तकं निघाली होती, त्यांना 'डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक' म्हणतात. ती स्कॅन करून जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. साताऱ्याचं पुस्तक काढा. त्यात गावनिहाय तक्ते आहेत. लोकसंख्या, शाळा, दवाखाना, जमिनीचा वापर, ओलिताखालची जमीन. पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात विहीर, तळं, नदी यांच्यासाठी इंग्रजी आद्याक्षरं असतात, त्यांचा खुलासा पुस्तकात दिलेला असतो. स्कॅन फोटोच्या स्वरूपात असेल तर गावाचं नाव शोधून सापडणार नाही. आधी तालुका काढा आणि मग अनुक्रमाने जा. नंतर १९६१ आणि १९८१ची पुस्तकंही काढा, त्यांत ओलिताचे आकडे असतील तर दुष्काळाच्या आधीचं आणि नंतरचं क्षेत्र शेजारी ठेवता येईल. तुमच्या विषयाचं निम्मं काम तिथेच होईल.

जिल्ह्याची पार्श्वभूमी हवी असेल तर गॅझेटियर बघा. साताऱ्याचं जुनं ब्रिटिश गॅझेटियर १८८५चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १९वा खंड. मराठी विश्वकोशही ऑनलाइन मोफत आहे. त्यातल्या नोंदींखाली लेखकाचं नाव आणि संदर्भ असतात, म्हणून ब्लॉगपेक्षा तो कितीतरी भरवशाचा. मात्र पहिला खंड १९७६चा आहे, त्यामुळे आकडे कुठल्या काळातले ते बघून घ्या.

पैसे मागणाऱ्या लेखांबद्दल. गूगल स्कॉलरवर लेखाच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' असतं, तिथे कधी कधी लेखकाने स्वतः ठेवलेली मोफत प्रत मिळते. तुमच्या ग्रंथालयात 'एन-लिस्ट'चं (महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या सोयीचं) खातं मिळतं का ते विचारा, ते इन्फ्लिबनेटचंच आहे, आणि कितीतरी महाविद्यालयांत असूनही मुलांना सांगितलेलं नसतं. २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केलेत, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली केलीत. तुमच्या विद्यापीठाच्या आवारात ते उपलब्ध आहे का हेही विचारा. आणि काहीच जमलं नाही तर लेखकाला सरळ ईमेल करा. आपण कोण, विषय काय, कुठला लेख हवा, हे चार ओळींत लिहायचं. बहुतेक संशोधक आनंदाने प्रत पाठवतात.

निवृत्तमास्तर

@माणदेशी_पोर, आजोबांशी बोलताना फोनवर ध्वनिमुद्रण करा, त्यांची परवानगी घेऊन. तारीख, ठिकाण आणि त्या वेळचं त्यांचं वय लिहून ठेवा. प्रकल्पात तो रीतसर संदर्भ म्हणून देता येतो. तलावाचं काम कुठल्या साली सुरू झालं हे त्यांना आठवत नसेल तर घरातलं कोण तेव्हा किती वर्षांचं होतं ते विचारा, साल निघतं.

टंकयंत्र

जनगणनेच्या पुस्तकातलं पान मोबाइलवर वाचता येत नसेल तर त्या एका पानाचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सने मजकूर उचला. आकडे मात्र एकेक करून मूळ पानाशी ताडून घ्या. जुन्या छपाईत ३ आणि ८ यांत यंत्राची हमखास गल्लत होते.

माणदेशी_पोर

हँडबुक सापडलं. गाव आहे, पण स्पेलिंग वेगळं होतं, म्हणून आधी दिसलं नाही. ओलिताचा रकाना एकरांत आहे की हेक्टरांत?

वाचनकट्टा

तक्त्याच्या डोक्यावर, रकान्यांच्या नावांशेजारी एकक दिलेलं असतं, तिथे बघा. तिन्ही दशकांच्या पुस्तकांत वेगवेगळं बघा, एकक बदललेलं असू शकतं. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. बदललेलं असेल तर आधी सगळे आकडे हेक्टरांत करा, मगच तुलना. आणि गावाचं ते जुनं स्पेलिंग तुमच्या शब्दांच्या यादीत लिहून ठेवा. गॅझेटियरमध्ये आणि जुन्या नकाशांवर ते उपयोगी पडेल.